एक प्रोजेक्ट, तीन विषय आणि जमा करून घ्यायला कोणीच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सबमिशनचे दिवस आलेत आणि तुमच्या पत्रांच्या पानावर एक-दोन दिवसाआड कोणीतरी पालक लिहितोच की प्रोजेक्ट बंद करा, पोरांना जमत नाही, शेवटी आई-बापालाच रात्री जागून कागद चिकटवावे लागतात. त्यांचं खोटं नाही. पण माझी तक्रार नेमकी उलटी आहे. आमच्या पोरीने प्रोजेक्ट खरोखर केला, मैत्रिणींना घेऊन केला, आणि तो जमा करून घ्यायला कॉलेजात जागाच सापडेना. त्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, पत्र लांबलं तर कात्री चालवा, फक्त मासेवाल्या मामांचा भाग तेवढा ठेवा.

मी कोल्हापुरात फोटो स्टुडिओ चालवतो. पासपोर्ट फोटो, लग्नाच्या ऑर्डरी, बारसं, डोहाळजेवण, आता प्री-वेडिंग पण. म्हणजे फिल्ममेकिंग वगैरे म्हणायला मी काही मोठा माणूस नाही पण कॅमेरा, लाईट, आवाज, एडिटिंग यातलं रोजचं कळतं. मुलगी बारावीला आहे, सायन्सला. त्यांना ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ म्हणून विषय आहे, सगळ्या शाखांना कम्पल्सरी, आणि त्यात प्रोजेक्ट करायचा असतो. आता हे प्रोजेक्ट कसे होतात ते सगळ्यांना माहितीय. कॉलेजजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात जायचं, विषय सांगायचा, ‘जलप्रदूषण’ म्हटलं की तो पोरगा कॉम्प्युटरवर फाइल उघडतो, वरचं नाव आणि रोल नंबर बदलतो, कलर प्रिंट काढून स्पायरल करून देतो. प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षण, निष्कर्ष, संदर्भ, सगळं आत असतंच. निरीक्षण सुद्धा रेडिमेड! नदीकाठी न जाता नदीचं निरीक्षण. मार्च २०१८ ला राज्यात प्लास्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली, तरी त्यानंतर कित्येक वर्षं आमच्या गल्लीतली पोरं थर्माकोलवर हिरवा रंग मारून ‘झाडे वाचवा’चं मॉडेल घेऊन शाळेत जाताना मी दुकानात बसून बघितलीत.

हा विषय आला कुठून हे मला आधी माहिती नव्हतं, पोरीच्या नादाने वाचलं. एम. सी. मेहता नावाच्या वकिलांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने २२ नोव्हेंबर १९९१ ला आदेश दिला, त्यात शाळा-कॉलेजात पर्यावरण हा सक्तीचा विषय करा असं सांगितलं. पण गंमत पुढे आहे. त्याच आदेशात, त्याच यादीत, थिएटरवाल्यांनी प्रत्येक शोला पर्यावरणाच्या निदान दोन स्लाइड फुकट दाखवाव्यात असं होतं, पर्यावरणावर शॉर्ट फिल्म काढून त्या थिएटरात दाखवा असं होतं, आणि टीव्ही-रेडिओवर रोज पाच-सात मिनिटं या विषयाला द्या असं पण होतं. म्हणजे कोर्टाच्या डोक्यात सिनेमा आणि पर्यावरणाचा तास हे एकाच कामाचे दोन भाग होते. आपण काय केलं, तास घेतला, त्याचं जर्नल केलं आणि सिनेमा गॅदरिंगला पाठवून दिला.

तर अकरावीची परीक्षा संपली नि बारावीचे क्लास सुरू व्हायचे होते तेवढ्या सुट्टीत पोरीने आणि तिच्या मैत्रिणींनी ठरवलं की आमच्या पंचगंगा नदीवर फिल्म करायची. मला आनंद झाला पण स्क्रिप्ट बघितली आणि कपाळावर हात मारला. पहिला शॉट ड्रोनचा. मग पाण्यावर तरंगणारी प्लास्टिकची बाटली, स्लो मोशनमध्ये. मग ब्लॅक अँड व्हाइट. बॅकग्राउंडला बासरी. शेवटी एक लहान मुलगी रोप लावतेय आणि पिक्चर परत कलर होतो. मी म्हटलं बाळा, हे मी किमान पन्नास वेळा बघितलंय, प्रत्येक स्पर्धेत हेच असतं, नदीचं नाव बदललं तरी फिल्म तीच राहते. आणि ड्रोनमधून पंचगंगा सुंदर दिसते, हे लक्षात घ्या. वरून बघितलं की घाण पाण्यावर पसरणारी जलपर्णीसुद्धा हिरवीगार लॉनसारखी वाटते, वास तर येतच नाही. वास दाखवायचा असेल तर खाली उतरावं लागतं.

मग मी तिला दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगितली. सगळ्यांना राजा हरिश्चंद्र माहिती असतो, १९१३ चा. पण त्याच्या आधी १९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर फाळक्यांनी काय शूट केलं, तर कुंडीतला वाटाणा! कॅमेरा एका जागी रोवला आणि महिनाभर थोडं थोडं शूट करत बीला कोंब फुटून त्याचं रोप कसं होतं ते टिपलं. अंकुराची वाढ. ती फिल्म लोकांना दाखवून त्यांनी पुढच्या पिक्चरसाठी पैसा उभा केला. म्हणजे आपल्या सिनेमाची सुरुवात देवादिकांच्या आधी एका रोपट्यापासून झाली आणि ते रोपटं शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात शोभलं असतं. हे पोरीला भारी आवडलं. म्हणाली, पप्पा, मी जलपर्णीचं करते.

आणि केलं हो तिने. दोन बादल्या घेतल्या. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात शहराचं सांडपाणी नेणाऱ्या जयंती नाल्याचं पाणी, हातमोजे घालून मीच काढून दिलं ते. दोन्हीत सारखीच जलपर्णीची रोपं सोडली, वर मच्छरदाणीचं कापड बांधलं, नाहीतर महापालिकेचे डेंग्यूवाले आले असते तर मला नोटीसच. मोबाइल ठेवायला स्टूल, स्टुलाच्या पायांभोवती फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा, म्हणजे रोज स्टूल तिथंच बसणार. दिवसा उजेड बदलतो, ढग आले की फोटो काळा येतो, म्हणून रात्री जेवण झाल्यावर ट्यूबलाइटच्या उजेडात रोज एक फोटो, एक्स्पोजर लॉक करून. घरात वासावरून भांडणं झाली ती वेगळी. महिनाभराचे फोटो सेकंदाला सहा या हिशोबाने लावले तर पडद्यावर पाच सेकंदात संपतात, पण ती पाच सेकंदं बघताना माझ्या स्टुडिओत आलेलं गिऱ्हाईक पण थांबलं. नाल्याच्या पाण्यातली जलपर्णी धुमारे टाकत टाकत अख्खी बादली भरून काठावर आली. नळाच्या पाण्यातली पिवळी पडली, पानं बारकी, मुळं मात्र लांबच लांब वाढली, खायला शोधत. खताचं पाणी, सांडपाणी मिळालं की ती वाढते हे पुस्तकात एका ओळीत असतं, पोरांनी ते पाठ केलेलं असतं. इथं दिसलं. आणि मग तिचा प्रश्न बदलला. आधी होता की जलपर्णी कशी काढायची, आता झाला की तिला खायला घालतंय कोण.

इथं मराठीचा विषय मध्ये आला. फिल्मला आवाज द्यायचा म्हणून तिने लिहून आणलं, ‘मी पंचगंगा बोलतेय’. पुढे काय ते तुम्हाला माहितीच आहे. डोंगरातून उड्या मारत आले, शेतं फुलवली, तहान भागवली, पण हे मानवा तू माझं काय केलंस. नदीचं आत्मवृत्त! पाचवीपासून दहावीपर्यंत प्रत्येक गाइडमध्ये असतं, नदी असो, झाड असो, फाटकी चप्पल असो, सगळे एकाच सुरात रडतात. मी मराठीतला जाणकार नाही पण मला एवढं कळतं की ज्या नदीत कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती येऊन मिळतात, सरस्वती गुप्त आहे म्हणतात, जी नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते, जिची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका म्हणून पावसाळ्यात अख्खं शहर मोबाइलवर बघत बसतं, २०१९ ला आणि २०२१ ला जी ५५ फुटांच्या वर गेली आणि माझ्या मेव्हण्याच्या दुकानात शिरली, ती नदी एवढी मिळमिळीत बोलणार नाही.

तिला म्हटलं, कागलच्या आनंद यादवांचं ‘गोतावळा’ वाच, १९७१ चं पुस्तक आहे, आपल्याच बोलीत आहे. माझ्या वडिलांचं आवडतं, घरात प्रत होती, कव्हर गेलेली. पोरीला आधी जड गेलं, इंग्लिश मीडियमची नसली तरी हल्लीच्या पोरांना ही बोली घरात ऐकून माहिती असते, वाचायची सवय नसते. पण वाचलं. त्यात नारबा नावाचा शेतावरचा गडी आहे, मालकाकडे ट्रॅक्टर येतो आणि मग एकेक जनावर मळ्यातून जात राहतं. बस एवढंच. कुठं भाषण नाही, निसर्ग वाचवा नाही. जनावरं नावानिशी, खोडीनिशी समोर येतात आणि मग नसतात. पोरीने वहीत लिहिलं होतं ते मी चोरून वाचलं, की यात रडणं नाहीये फक्त हजेरी आहे, रोज एक गैरहजर. आता मला सांगा, मराठीच्या पेपरात आशयसौंदर्य, भावसौंदर्य म्हणून जे विचारतात त्याचं याहून चांगलं उत्तर कोण लिहील?

आणि तिथून फिल्म सुधारली. आत्मवृत्त गेलं, बासरी गेली, रोप लावणारी मुलगी पण गेली. त्यांनी ठरवलं की आपण पण हजेरी घ्यायची. माशांची.

ग्रुपमधल्या एकीची मावशी नदीकडच्या भोई गल्लीत राहते. ही मुलगी तशी अबोल, मार्क बेताचे, पण तिच्यामुळे एक वयस्कर मामा बोलायला तयार झाले, नाहीतर कॅमेरा घेऊन आलेल्या कॉलेजच्या पोरींशी कोण बोलतंय. नाव नको म्हणाले, चेहरा पण नको, हात दाखवा म्हणाले. म्हणून अख्ख्या मुलाखतीत हात आहेत आणि हातात जाळं, दुरुस्त करत करत बोलताहेत, सुईसारखं लाकडी काहीतरी असतं ना ते फिरतंय. लग्नात नवरदेवाला लावतो तो कॉलर माइक मी दिला होता, बाकी सगळं मोबाइलवर. पोरींनी विचारलं, मामा, पूर्वी कुठले कुठले मासे मिळायचे सांगा की. मामा सांगत गेले, मरळ, वांब, शिंगटा, खवल्या, कटला. प्रत्येकाला मध्ये थांबून, कुठल्या डोहात मिळायचा, कुठल्या महिन्यात, गाभोळी म्हणजे अंडी कधी असायची. मग विचारलं, आता? मामा म्हणाले, ‘चिलापी.’ म्हणजे तिलापिया, मूळचा इथला नसलेला मासा. परत विचारलं, आणखी? ‘चिलापीच की.’ एडिटिंगला बसलो तेव्हा पोरगी म्हणाली यानंतर म्युझिक नको. मी पंचवीस वर्षं एडिटिंग करतोय, शांतता ठेवायची कुठं हे मला आता आता कळायला लागलंय.

मासे मरतात त्याचं पण मामांनी सांगितलं. ‘मासं वर येऊन तोंड मारायला लागलं की वळखायचं, उद्या कडेला खच पडतोय.’ पोरींनी पुस्तकातलं याला जोडलं. नाल्याची घाण, साखर कारखान्याच्या मळीचं पाणी नदीत आलं की ते कुजवायला जिवाणू लागतात, ते पाण्यातला ऑक्सिजन संपवतात, त्यात उन्हाळ्यात पाणी तापलेलं, गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी राहतो. आणि आपल्याकडे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, पावसाळा संपला की त्यात पाणी अडवायच्या फळ्या, म्हणजे बरगे घालतात, दोन बंधाऱ्यांच्या मध्ये पाणी तुंबून राहतं, वाहत नाही. मग एखादा वळवाचा पाऊस झाला किंवा बरगे काढले की साठलेलं सगळं काळं पाणी एकदम खाली सरकतं. राजाराम बंधारा काय, शिरोळ तालुक्यात तेरवाडचा बंधारा काय, मेलेल्या माशांचे फोटो तुमच्याच पेपरात येतात की. आणि माशावर थांबत नाही, २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली, माणसं गेली त्यात.

फिल्मची सुरुवात मात्र त्यांनी आमच्या घरातून केली, हे मला सांगायलाच पाहिजे. आमच्या मोरीचं पाणी. तिथून गटर, गटरातून नाला, नाल्यातून पुढे. काही पाणी उपसून कसबा बावड्याच्या सांडपाणी शुद्ध करायच्या केंद्रात जातं, रोज ७६ दशलक्ष लिटरचं ते, काही ओसंडून थेट नदीत. कॅमेरा पाण्याबरोबर चाललाय, मध्ये मध्ये लोक विचारताहेत काय शूटिंग आहे, सिरियल आहे का. दुसऱ्या बाजूने ऊसपट्ट्यातून येणारा एक काळा ओघळ, तो कुठून येतोय ते शॉटमध्ये दिसतं, कारखान्याचं नाव कुठं घेतलेलं नाही. आमचा स्वतःचा ऊस जातो कारखान्याला, भावकीतले दोघं तिथं नोकरीला आहेत. कोल्हापुरात कोणाचं नाही?

एवढं सगळं करून बारा-तेरा मिनिटांची फिल्म झाली आणि कॉलेजात घेऊन गेल्या. पर्यावरणाच्या मॅडम चांगल्या आहेत, त्यांनी स्टाफरूममध्ये मोबाइलवर बघितली, कौतुक केलं, आणि मग म्हणाल्या पण मी ही जमा कशी करून घेऊ, तपासायला जर्नल लागतं. मग पोरींनी काय करावं, फिल्ममधले स्क्रीनशॉट काढले, माझ्या स्टुडिओत चार बाय सहाची प्रिंट मारली, जर्नलमध्ये चिकटवली, खाली प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षण, निष्कर्ष. मामांच्या हाताचा स्टिल फोटो आणि खाली ‘आकृती क्र. ७’. हसावं की काय ते कळेना. मराठीच्या सरांकडे गेल्या की तोंडी परीक्षेच्या २० मार्कांत हे धराल का. आता बारावीच्या मराठीच्या पुस्तकात उपयोजित मराठीमध्ये ‘मुलाखत’ हा पाठ आहे, ‘अहवाल’ आहे. म्हणजे मुलाखत कशी घ्यावी, प्रश्न कसे काढावेत, समोरच्याला बोलतं कसं करावं हे पोरं पाठ करून पेपरात लिहितात, आणि खरी मुलाखत घेऊन आलं तर सर म्हणतात हे पर्यावरणाचं आहे, माझ्याकडे नको. पर्यावरणवाले म्हणतात यात कादंबरी कशाला. आणि गॅदरिंगवाले म्हणतात शॉर्ट फिल्म पाच मिनिटांच्या वर चालत नाही, शिवाय विषय जरा हलकाफुलका घ्या.

आणि एक गोष्ट, नाव न घेता सांगतो. वरच्या एकांनी ऊसपट्ट्यातला तो शॉट काढा म्हणून सुचवलं. उगाच कशाला, संस्थेत सगळे आपलेच लोक आहेत. मोरीचं पाणी राहू द्या, ते चांगलं आहे, स्वतःपासून सुरुवात वगैरे. पोरगी घरी येऊन म्हणाली, पप्पा, मग नदी कोणी घाण केली म्हणून सांगायचं, मानवाने? मला उत्तर सुचलं नाही, मी आपलं रेंडर लावला होता तो बघत बसलो. शॉट काढलेला नाही, जर्नलमध्ये चिकटवलेला पण आहे, आकृती क्र. ११.

आता लोक म्हणतील तुमचा स्टुडिओ आहे म्हणून जमलं. ऐकून घ्या. मोबाइल प्रत्येक घरात एक तरी आहे, एडिटिंगची फुकट ॲप आहेत, पोरं रील बनवताना ती माझ्यापेक्षा जोरात चालवतात. कॉलर माइक नसेल तर दुसरा मोबाइल रेकॉर्डिंग चालू करून समोरच्याच्या शर्टाच्या खिशात ठेवा, वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून वर रुमाल. आम्ही पण सुरुवातीला हेच करत होतो. पाच जणांत एक मोबाइल पुरतो, एकीने धरायचा, एकीने बोलायचं, एकीने लिहायचं. आणि ज्या ग्रुपला फिल्म नको त्यांनी रेडिओसारखं नुसतं आवाजाचं करावं, माझ्या मते तर ते जास्त अवघड आणि जास्त चांगलं. नदीकडे पोरांना एकटं पाठवू नये, कोणीतरी मोठं माणूस बरोबर हवं, आणि ज्याला दाखवतोय त्याला विचारल्याशिवाय दाखवू नये, एवढे दोन नियम आम्ही घरी केले होते.

शिक्षकांवर राग नाही माझा. एकेका मॅडमकडे दीडशे-दोनशे जर्नलं असतात, बारा मिनिटांची फिल्म प्रत्येकाची बघायची म्हटलं तर त्यांनी झोपायचं कधी. पण याचंच गणित मांडा ना. एकाच ग्रुपचं एकच काम मराठीच्या तोंडीला पण धरलं, पर्यावरणाच्या प्रोजेक्टला पण धरलं, आणि दोन्ही शिक्षकांनी एकत्र बसून एकदाच बघितलं, तर पोरांचं पण काम कमी आणि तपासणाऱ्यांचं पण. वीस वेगवेगळी रेडिमेड स्पायरलं तपासण्यापेक्षा पाच जणांचं एक खरं काम बघणं कधीही सोपं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये तर लिहूनच ठेवलंय की कला आणि विज्ञान, अभ्यास आणि अभ्यासेतर यांच्यात पक्क्या भिंती नकोत. भिंत पाडायची जाऊ दे, बोर्डाने परिपत्रकात एवढं एक वाक्य घातलं तरी पुरे की प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर दिलेला चालेल आणि तो एकापेक्षा जास्त विषयांना धरता येईल. मॅडमना पण वरचं परिपत्रकच लागतं, त्यांच्या मनात असून उपयोग नाही.

आणि हे कोल्हापुरात नाही होणार तर कुठं होणार ओ. मूकपटांच्या काळात सिनेमे काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी इथं स्वतः कॅमेरा बनवला. १९२५ ला त्यांनी ‘सावकारी पाश’ काढला तो नारायण हरी आपट्यांच्या गोष्टीवर, शेतकऱ्याची जमीन कशी जाते त्यावर, आणि त्यात शेतकऱ्याचं काम केलं होतं व्ही. शांतारामांनी. गोष्ट साहित्यातली, प्रश्न मातीचा, माध्यम सिनेमा. शंभर वर्षांपूर्वी कोणी विचारलं नाही की हा कुठल्या विषयाचा प्रोजेक्ट आहे म्हणून. प्रभात फिल्म कंपनीची सुरुवात इथलीच, १९२९ ची. आपण रंकाळ्यावर भेळ खाताना पाहुण्यांना सांगतो, इथं स्टुडिओ होता, तिथं शूटिंग व्हायचं. सांगायला बरं वाटतं. त्या शहरात पोरांच्या फिल्मचे स्क्रीनशॉट काढून वहीत चिकटवायला लावतात.

तुमच्याकडून एक पाहिजे होतं. तुमच्या विद्यार्थी पुरवणीत दहावी-बारावीचे सराव पेपर येतात, त्याच्या शेजारी महिन्यातून एकदा अशा एखाद्या ग्रुपचं काम छापा, मुलाखतीचा उतारा, दोन फोटो, बस. मार्क मिळणार नाहीत पण संस्थेतली माणसं पेपर वाचतात. किर्लोस्कर वसुंधरासारखा पर्यावरणाचा फिल्म महोत्सव आपल्या भागात होतो तेव्हा आलेल्या फिल्म बहुतेक बाहेरच्या असतात, छान असतात, त्यात एखादा तास इथल्या कॉलेजच्या पोरांचा ठेवता येईल का हे पण कोणीतरी विचारावं.

माझ्याकडून एवढंच करता येईल की चातुर्मासात लग्नं नसतात, स्टुडिओ मोकळाच असतो. ज्या शिक्षकांना मोबाइलवर शूटिंग, आवाज, एडिटिंग शिकायचंय त्यांनी त्या दिवसांत यावं, संध्याकाळी सहानंतर, फी नाही. पोरांना घेऊन आलात तरी चालेल पण आधी स्वतः या, कारण पोरांना बरंचसं येतं. पत्ता संपादकांकडे दिलेला आहे. मामांना पण विचारलंय, ते म्हणाले येतो, पण आषाढात नाही, तेव्हा पाणी चढतं आणि आमची माणसं नदीवरच असतात.

कळावे,
आपला,
एक फोटो स्टुडिओवाला पालक, कोल्हापूर